वजा एकवरची जोडी

"लिस्ट नको वं. टपल घे. पोळ्याचा मान कधी बदलते का?"

पाटलाचा पुतण्या बोलून राह्यला होता, पुण्याले इंजिनिअर झालेला. थो ओसरीवर खुर्चीत, त्याचे भाऊबंद झोपाळ्यावर. बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मी खाली अंगणात, स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. वर ये असं मले कोणी म्हणलं नाही. आमचं घर वेशीबाहेरचं, म्हणून.

मी सोनाळ्याले क्लासमधी पोरायले पायथन, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, शिकवत होती. यंदा पाटलायनं पोळ्याले देवळासमोर मोठा पडदा लावायचं काढलं. बैलजोडी न्यायची ज्याची पाळी त्याचं नाव पडद्यावर येणार, अन् भोंग्यातून मशीन पुकारणार. थो प्रोग्राम मी लिहायचा होता.

लिस्ट म्हणजे मोकळी रांग. मधातलं एक काढा, दुसरं घाला, मागचं पुढं करा. टपल तसं नाही. एकदा लिहिलं का जो जिथं, थो तिथं. हात लावला तं कॉम्प्युटर लाल अक्षरात एरर देते. पुतण्याले तेच पाहिजे होतं.

थो नावं सांगत गेला, मी टाइप करत गेली. पायथन शून्यापासून मोजते, म्हणून पाटील शून्यावर. मंग त्यायचे भाऊबंद, मंग बाकीचं गाव. शेवटी थो दात काढत म्हणे, "आता तुहा बाप. शेवटच्याले काय म्हणून बोलावता वं मॅडम, पायथनमधी?"

"वजा एक," मी म्हणलं.

"वा रे वा! वजा एक!" ओसरीवरचे सारे खदखदा हासले.

अंगाची लाही लाही झाली माह्या. पण लिहिलं. माह्याच बोटानं माह्या बापाले वजा एकवर बसवलं.

आमच्या इथं पोळ्याचं तोरण देवळासमोर बांधतात, आंब्याच्या पानाचं. साऱ्या जोड्या त्याच्याखालून जातात. गाव निघून गेलं का पोरं तोरण तोडतात, पानं पळवतात. मंग आमची पाळी. बाबा बैलायले धुतात, शिंगं रंगवतात, झुली घालतात, अन् उकिरड्यापाशी उभे राह्यतात. शेवटी नुसत्या दोरीखालून बैल नेतात. आज्याचंही आयुष्य तसंच गेलं. मले बाकी काहीच नको होतं. तोरण शाबूत असताना आमची जोडी त्याच्याखालून जावी, एवढंच.

पोळ्याच्या दिवशी मी पडद्याजवळ टेबलापाशी. पाटलाची जोडी गेली, मंग भावाची. तिसरं नाव पुकारलं. कोणीच पुढं आलं नाही. त्या भाऊबंदानं उन्हाळ्यातच बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता, अन् नाव मात्र रांगेत तसंच.

पाटील म्हणे, "काढ वं थे नाव. तिथं माह्या साळ्याची जोडी टाक."

साळा परगावचा! रांगेत त्याचं नावच नव्हतं.

"काढता नाही येत," मी म्हणलं. "टपल हाय."

पुतण्या धावत आला. "अवं, बदलत नाही तं नवा बनव ना! नाव तेच दे त्याले. दोन मिनिटाचं काम हाय."

दोन मिनिटाचं!

खरंच होतं त्याचं. जुना टपल तसाच राह्यते, आपण नवा लिहायचा अन् जुन्याचं नाव त्याले द्यायचं. पोरायले मीच शिकवत होती हे. परगावच्या साळ्यासाठी दोन मिनिट, अन् माह्या आज्यासाठी आख्खा जन्म कमी पडला. हरामखोर लेकाचे! मान बदलत नाही म्हणे. बदलते ना, यायच्या सोयऱ्या-धायऱ्यासाठी पाहिजे तवा बदलते.

"बनवते," मी म्हणलं.

नवा टपल लिहिला. शून्यावर बापाचं नाव टाकलं अन् एंटर दाबलं.

भोंग्यातून मशीननं बापाचं नाव पुकारलं. साफ, मोठ्यानं, जसं पाटलाचं पुकारलं होतं तसंच. सारं गाव उकिरड्याकडं पाहू लागलं.

"काऊन वं, माजली का?" पाटील ओरडला.

मी टेबलापासून उठली अन् सरळ बापाकडं गेली. बाबा बैल मांगं ओढू लागले.

"नको माय. मारतीन आपल्याले."

"मारू द्या बाबा. एक कासरा मले द्या."

बाबानं कासरा दिला. दोघंबी निघालो. मांगून कोणीतरी गोटा मारला, थो माह्या पाठीत बसला. मी थांबली नाही. तोरणाची पानं बैलाच्या शिंगाले घासली, अन् बाबानं मान वर करून पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यानं मले कामावरून काढलं. काढू दे. पाटील आता लिस्ट करो का टपल करो. माहा बाप आता उकिरड्यापाशी उभा राह्यणार नाही. अन् कोणाच्याच बापाले वजा एकवर लिहिणारं बोट आता माहं नसन.