ताण, पेशी आणि आमचे भाऊजी

जगात आजवर ज्या ज्या विषयावर कुणी संशोधन केलं असेल, त्या प्रत्येक विषयात आमच्या भाऊजींना निदान अर्धा तास तरी मनापासून गोडी वाटलेली आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी जन्मभर मुलांना बांधकामाचे नकाशे काढायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर इतर लोक सकाळी फिरायला जातात, भाऊजी चर्चासत्राला जाऊ लागले. पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, रस्त्यावरचा माणूससुद्धा मागे येऊन बसू शकतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं आणि ताईच्या घरची शांतता गेली. एक दिवस वटवाघळं, दुसऱ्या दिवशी ताम्रपट, मधल्या वेळात राखेच्या विटा, आणि संध्याकाळी जेवताना या तिघांची एकमेकांशी ओळख. मी एकदा विचारलं, "भाऊजी, यातलं तुम्हाला समजतं तरी किती?" तर अजिबात न रागावता म्हणाले, "समजाले कोण जाते गा? एवढुशा गोष्टीमागं माणूस किती वेडा होऊ शकते, ते पाहाले जातो मी."

हे ऐकायला गोड वाटतं. पण भाऊजींच्या डोक्यात विषयांना वेगवेगळे कप्पे नाहीत, एकच मोठं पातेलं आहे. माझ्या घराच्या भिंतीला ओल आली तेव्हा त्यांनी मोठ्या खात्रीने एक उपाय सांगितला. मी भाबडेपणाने केला. पंधरवड्यात भिंतीवर गुबगुबीत हिरवा थर उगवला. मागाहून कळलं की तो उपाय शेवाळ जोमात वाढवण्याचा होता, आणि तोही तळ्यातल्या माशांसाठी. माझी पाठ दुखायला लागली तेव्हा ते मला एका अनोळखी तरुणाकडे घेऊन गेले. लोक दुचाकीवर कसे बसतात, यावर त्याचं काम चाललं होतं. त्याने माझ्या शर्टावर रंगीत टिकल्या चिकटवल्या आणि मला स्कूटरवरून फुटाळा तलावाला चकरा मारायला लावल्या. पाठ होती तशीच राहिली. टिकल्या मात्र मी ऑफिसात घेऊन गेलो आणि दिवसभर सगळे माझ्याकडे पाहून कशाला हसताहेत ते मला समजेना. ताईचा फ्रिज तर कधीच तिचा राहिलेला नाही. कुणाच्या तरी होस्टेलची लाईट गेली म्हणून त्याच्या बुरशीच्या काचेच्या बशा तिथे मुक्कामाला आल्या, त्या इडलीच्या पिठाशेजारी. "माझ्याच फ्रिजमध्ये मी आता भीत भीत हात घालते," ताई म्हणाली. भाऊजी म्हणाले, "अवं, ते बुरशी औषधाची आहे, वाईट चालीची नाही."

या घोटाळ्याची लागण मलाही झाली. आमच्या प्लॉटच्या हद्दीची एक केस कोर्टात चालली होती, तारखेवर तारीख पडत होती. नागपुरात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. एक दिवस भाऊजींचा फोन आला, "उद्या पेशीवर मोठ्ठं व्याख्यान आहे, बाहेरगावचे तज्ज्ञ येऊन राहिले. कागदं घेऊन ये." मी फाईल काखोटीला मारून गेलो. फळ्यावर 'पेशीविभाजन' असं लिहिलं होतं. मला वाटलं, एकाच केसच्या दोन तारखा कशा करतात ते सांगणार असतील. पाऊण तास मी पडद्यावरचे गोळे दुभंगताना पाहत होतो आणि यात आपला वकील कुठे बसतो याचा विचार करत होतो. बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "हे तं शरीरातल्या पेशीचं निघालं." आणि थोडं थांबून, "पण मजा आली, नाही?"

इतकं सगळं होऊनही कुणाचं कधी मोठं नुकसान झालं नव्हतं. ते झालं अश्विनीचं.

त्या थंडीत भाऊजींच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला सलग तिसऱ्या वर्षी फूल आलं नव्हतं आणि ते भलतेच बेचैन होते. संत्र्याला बहार यायला आधी पाणी तोडावं लागतं. झाड सुकल्यासारखं झालं की मग पाणी सोडायचं. याला बागाईतदार ताण देणं आणि ताण तोडणं म्हणतात. भाऊजींनी कुठल्याशा नोटीसबोर्डावर चष्मा न लावता 'काटोल', 'संत्रा' आणि 'ताण' एवढे तीन शब्द वाचले आणि मला फोन केला. त्यांची स्कूटर गॅरेजमध्ये होती म्हणून नेणारा मी. आम्ही पोचलो तेव्हा परीक्षा सुरू झाली होती. समोर तिशीची एक मुलगी उभी राहून घडाघडा बोलत होती, घशाला कोरड पडली की पाण्याचा घोट घेत होती. 'चिंता', 'झोप न लागणे' असले शब्द कानावर पडले. मला जरा शंका आली, पण शेवाळाच्या अनुभवानंतर मी शंका घेणं सोडलं होतं.

शेवटी "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" असं झालं, आणि भाऊजी उठले. "बाई, फार छान बोलल्या तुम्ही. मले फक्त एवढं सांगा, ताण दिला हे समजलं, पण तोडला कसा? पहिलं पाणी कोणी सोडलं, आन् मग फूल आलं का नाही?"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या बाकांवरून हसू फुटलं. तो विभाग मानसशास्त्राचा होता आणि अभ्यास होता संत्र्याच्या बागा असलेल्या घरांतल्या बायकांच्या मनावरच्या ताणाचा. मी खुर्चीत जमेल तितका खाली सरकलो. ती मुलगीही आधी हसली, मग तिचं हसू थांबेना, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. हसले नाहीत ते फक्त बाहेरून आलेले परीक्षक. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "या बायकांना त्रास काय आहे ते तुम्ही मोजलंत. पण तो हलका कशाने होतो, कोण करतं, याबद्दल प्रबंधात अक्षर नाही." आणि प्रबंध एका नव्या प्रकरणासाठी परत गेला.

घरी येताना भाऊजी खूश होते. "पाहा, प्रश्न बरोबर निघाला माहा!"

दुसऱ्या दिवशी मी ताईकडेच होतो, तर ती मुलगी, अश्विनी, दारात उभी. पत्ता कुठून काढला देव जाणे. ती काटोलकडचीच, बापाची छोटी बाग, घरातली पहिली एवढं शिकलेली. एका कॉलेजात तिची निवड ठरत आली होती, पण डिग्री हातात पडली तरच. ती चढ्या आवाजात बोललीच नाही, आणि तेच वाईट होतं. "काका, तुम्ही माह्या ओळखीचे नाही, नात्याचे नाही. तुम्ही काहून आले होते जी तिथं?"

भाऊजी अंगणाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या झाडासाठी." ऐकताना ते किती हास्यास्पद वाटतं आहे, हे त्यांना स्वतःलाच जाणवलं असावं. ते मटकन खाली बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ताईने अश्विनीपुढे चहा ठेवला आणि विचारलं, "आता करायचं काय, ते सांग." पुन्हा गावोगाव जाऊन बायकांशी बोलायचं होतं, आणि एकटीने ते लवकर उरकणारं नव्हतं. "मी येते," ताई म्हणाली. आम्ही दोघेही तिच्याकडे बघत राहिलो. भाऊजींच्या इतक्या वर्षांच्या उद्योगात ताईने स्वतःहून टाकलेलं हे पहिलं पाऊल.

मग माझ्या गाडीतून आमची वरात काटोलच्या वाटेला लागली. मी चालवणार, बायका मागे, भाऊजी शेजारी मुकाट. पुरुष दिसला की बायका पदर सावरून 'सगळं बरं आहे जी' एवढंच म्हणायच्या, म्हणून आम्हा दोघांना बाहेर बाजेवर बसवलं जाई. आत ताई कुणाच्या भाज्या निवडी, कुणाच्या नातवाला मांडीवर घेई, आणि बाया बोलू लागत. एक म्हणाली, बहीण फोन करते तेव्हा मोकळं वाटते. एक म्हणाली, बकऱ्या चाराले नेल्या की कोणाची कटकट नाही. एकीने सांगितलं, विहिरीवर जाऊन जोरात शिव्या देते, आवाज परत येते, बरं वाटते. अश्विनीचा चेहरा दर फेरीला उजळत गेला. भाऊजी मात्र गोंधळलेले. "बकऱ्या कोणत्या विषयात येतात गा?" मला हळूच विचारत. मला तरी कुठे ठाऊक होतं!

शेवटच्या घरी एक म्हातारी होती, बोलायला फटकळ. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. अश्विनीचे प्रश्न संपले तशी म्हातारी ताईकडे वळली. "इचारून राहिल्या तं तुमचंही सांगा ना वं बाई. तुमचं कोण इचारते?"

मग ताईचा आवाज आला, अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "आमच्याकडे सगळ्या जगाची विचारपूस होते, आजी. माझ्यापर्यंत पाळी आली नाही अजून."

म्हातारी हसली. ताईही हसली. भाऊजी बाजेवर बसून समोरच्या कोंबड्यांकडे पाहत होते. परतीच्या वाटेवर त्यांनी कशाचीच माहिती दिली नाही. कळमेश्वरजवळ राखेच्या विटांनी भरलेला ट्रक आमच्या पुढून गेला, तरी नाही.

अश्विनीचं नवं प्रकरण मान्य झालं, डिग्री मिळाली, नोकरीही मिळाली. पेढे द्यायला आली तेव्हा ती भाऊजींच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, आता कोणाच्या परीक्षेले जाऊ नका जी." सगळे हसलो.

आणि ते खरोखरच गेले नाहीत. मात्र त्याऐवजी त्यांनी ताईला विचारायला सुरुवात केली. सकाळी उठल्या उठल्या विचारायचे, झोप कशी झाली? दुपारी, आता काय वाटून राहिलं? ती चिडून म्हणाली, "मला एक दिवस द्या हो. एक अख्खा दिवस मला कुणी काही विचारू नका." भाऊजींनी मान डोलावली.

त्या रविवारी दुपारी ताईचा फोन आला. "जरा येऊन जा रे. हे सकाळपासून बोलले नाहीत. यांना काही होतंय का?" मी धावत गेलो. दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसली होती. भाऊजींची तब्येत उत्तम होती. ते फक्त शब्द पाळत होते, आणि त्यांना ते जड जात होतं, हे त्यांच्या हलणाऱ्या ओठांवरून दिसत होतं. ताई त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "बोला आता काहीतरी. माझा दिवस झाला."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. वटवाघळं, ताम्रपट, बुरशी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. पण ते उठले आणि आपली खुर्ची थोडी सरकवून असे बसले, की त्यांच्या सावलीने तिच्या तोंडावरचं ऊन अडेल.

"लागत होतं ना?" ते म्हणाले.

"केव्हाचं," ताई म्हणाली.