मायनस साडेतीनचा साक्षीदार

मारोतीमामांच्या दुसऱ्या डोळ्यापुढं मी मायनस साडेतीनचं भिंग बसवलं आणि विचारलं, "आता समोर काय दिसतं?"

"माणूस," मामा म्हणाले.

समोर अक्षरांचा तक्ता होता. मी मान वळवली. काचेचं दार उघडून खरंच एक माणूस आत आला होता आणि त्याच्या हातात सुरी होती.

औरंगपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. मी नंबर काढतो, चष्मा बनवून देतो. डॉक्टर नाही, पण गिऱ्हाईकं म्हणतात आणि मी अडवत नाही. मामा पाचोडकडचे, मेंढरं राखणारे. साठीत पहिल्यांदाच नजर तपासायला आले होते. त्यांच्या नाकावर ट्रायल फ्रेम होती, म्हणजे ती जड गोल फ्रेम, जिच्यात भिंगं बदलत बदलत नंबर ठरवतात.

"आवाज नाय करायचा," सुरीवाला म्हणाला. काउंटरवरचे गॉगलचे दोन ट्रे त्यानं पिशवीत ओतले आणि तो गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट.

तासाभरानं फौजदार साहेब आले. "कसा होता?"

मी सांगितलं. लाकडी मूठ, तिला तीन पितळी खिळे, पात्याच्या टोकापाशी गंज.

"सुरी झाली," साहेब म्हणाले. "आता माणूस सांगा."

मी डोळे मिटले. सुरीच्या वर हात होता, हाताच्या वर खांदा. त्याच्या वर चेहरा असायला हवा होता. तिथं काहीच नव्हतं.

माझी नजर सहा बाय सहा आहे, म्हणजे एकदम चोख. असा माणूस चेहरा दिसला नाही असं कसं सांगेल? मी म्हणालो, "कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला."

"हल्ली कुणाशी भांडण?"

भांडण झालं होतं. पडेगावचा अनिल रिक्षावाला रोज माझ्या दारात रिक्षा लावायचा, त्यामुळं माझा बोर्ड झाकायचा. शुक्रवारी मी त्याला चार लोकांत नको ते बोललो होतो. साहेबांना त्याचं नाव सांगितलं आणि खांद्यावरच्या त्या रिकाम्या जागी अनिलचा चेहरा अलगद बसला, फ्रेमच्या खाचेत भिंग बसावं तसा.

आधी मी म्हणालो, "असू शकेल." चहा आला तेव्हा म्हणालो, "बहुतेक तोच." जबाबावर सही करताना "तोच" म्हणालो. चहाच्या एका कपात एवढी प्रगती झाली. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो, हे मात्र खरं. आता मला तो चेहरा स्वच्छ दिसत होता.

"आणि हे मामा? यांनी बघितलं असंल ना?"

मामा काहीतरी सांगायला उठले होते. मी त्यांना हातानं बसवलं. "साहेब, त्यांची नजर सहा बाय साठ आहे. आपल्याला साठ मीटरवरून दिसतं ते बघायला त्यांना सहा मीटरवर जावं लागतं."

साहेबांनी मामांना घरी जायला सांगितलं.

संध्याकाळी ठाण्यात अनिलला माझ्यासमोर उभं केलं. "शेठ, मी घरी टायर बदलत होतो," तो म्हणाला.

"कुणी बघितलं?" साहेबांनी विचारलं.

"बायकोनं."

"बायको बघणारच," साहेब म्हणाले. मला विचारलं, तेव्हा मी मान डोलावली. अनिलकडं न बघताच. दुसऱ्या दिवशी कोर्टानं त्याला कोठडी दिली.

त्याच्या पुढच्या दिवशी मामा चष्मा न्यायला आले. तो त्यांच्या नाकावर चढवत मी जरा रुबाबातच सांगितलं, "मामा, चोर सापडला."

"कानावरून ओळखला व्हय?"

"कुठला कान?"

"डावा. पाळीला खाच हाये की. आमी मेंढराच्या कानाला खूण करतो ना, कुणाचं कोणतं ते कळाया, तशी. मला वाटलं, ह्याचा बी कोणीतरी मालक असंल."

"मामा, तुम्हाला कसं दिसलं?"

"तुमीच तर दाखवलं, डाक्टर. तुमी काच घातली अन् समदं उजळलं. दहा वर्सं झाली, मी कान हातानं चाचपून वळखतो. परवा नुसता बघून दिसला. मंग बघतच बसलो. काय नाक, काय भुवया, दाढीतला एक एक केस."

"अन् सुरी?"

"ती व्हय? तिच्यानं कांदा बी कापला नसता. गंजली व्हती."

मी खुर्चीत बसलो. मामांचं केसकार्ड टेबलावरच होतं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, मायनस साडेतीन घालून नजर सहा बाय नऊ. म्हणजे जवळपास आपल्यासारखीच. चोर आला तेव्हा तेच भिंग त्यांच्या डोळ्यापुढं होतं आणि ते मीच बसवलं होतं. अनिलचे कान मला आठवले. भांडताना मी ते चांगले जवळून पाहिले होते. दोन्ही धड होते.

ते कार्ड खणात टाकलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. खण उघडलाही होता. हे सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

"डाक्टर, तुमाला घाम आलाय," मामा म्हणाले. त्यांना आता तेही दिसत होतं.

आम्ही ठाण्यात गेलो. मामांनी अनिलच्या दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं, बाजारात जनावर बघतात तसं. "ह्यो नाय. ह्याचे कान शाबूत हायेत."

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्हीच म्हणालात, यांना दिसत नाही."

मी कार्ड पुढं केलं आणि सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी दोनदा वाचलं. "म्हणजे ज्याला दिसत होतं, त्याला तुम्ही घरी पाठवायला लावलं."

"हो. आणि ज्याला दिसलं नाही, त्यानं सही केली."

तीन दिवसांत खाचेच्या कानाचा माणूस सापडला. माझे गॉगल पिशवीत तसेच होते. अनिल सुटला.

मी पडेगावला त्याच्या घरी गेलो. दारातच हात जोडले. त्यानं मग विचारलं, "शेठ, माझा चेहरा तुमाला खरंच दिसला व्हता?"

"खरंच दिसला होता. तेच तर वाईट आहे."

"मंग आता रोज बघा," तो म्हणाला.

तेव्हापासून त्याची रिक्षा माझ्या दारातच उभी असते. बोर्डावरचं माझं अर्धं नाव झाकलं जातं. मी काही बोलत नाही, सकाळी चहा मात्र पाठवतो.

दुकानात नजर तपासायचा तक्ता अजून तोच आहे. गिऱ्हाईक आरामात खुर्चीत बसून तो वाचतं आणि मी सहा बाय सहा लिहितो. समोर सुरी धरून तपासली तर ती नजर किती भरेल, ते मी लिहीत नाही. माझी स्वतःची त्या दिवशी किती भरली, ते ठाण्यात सहीनिशी लिहिलेलं आहे.