देवकापसाची कॉइल

गुरुवारी माझा उपास असतो आणि आमच्या धाकट्या दिरांना कंपनीची सुट्टी असते. या दोन गोष्टी एकाच वारी यायला नको होत्या, असं मला अलीकडे फार वाटायला लागलं होतं. अंघोळ करून, देवाला नमस्कार करून मी स्वयंपाकघरात यावं, तर गॅसवर आधीच काहीतरी रटरटत असायचं. एकदा झाकण काढून बघितलं. दूध तापवायच्या पातेल्यात पाणी, आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढ्या चकचकीत डब्या उड्या मारत होत्या.

"भावजी, हे काय शिजतंय?"

"कॉइल आहेत वहिनी. स्टीलच्या आहेत. पातेल्याला काही होत नाही."

"पातेल्याला नाही होणार. मला होईल."

"मग पुढच्या वेळी चहाचं भांडं घेतो."

अशा माणसावर चिडायला सुरुवात तरी कुठून करायची?

ज्योतीराम भावजी चाकणला एका कंपनीत टूलरूममध्ये आहेत. लातूरकडून आमच्याकडे चिखलीला आले तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. हात मात्र तेव्हापासून सोन्याचे. मिक्सर, पंखा, गेटची कडी, शेजारणीच्या शिलाई मशीनचा पाय, काही सांगा, उघडून बसतील. वस्तू फेकायची म्हटलं की त्यांना दुखतं. आमच्या गॅलरीत आमच्यापेक्षा त्यांचे स्क्रू जास्त आहेत. स्वभावाला म्हणाल तर सोन्यासारखा माणूस. एकच वाईट: मावा. सुपारी, तंबाखू, चुना, चोळून चोळून केलेली ती पुडी सकाळी डोळे उघडले की गालात जायची, आणि रात्री जेवायच्या वेळेला थुंकायची म्हणून बाहेर यायची.

मग लग्न झालं. निशिगंधा दापोडीची. बोलायला थोडकी, पण नजर बारीक. एकदा दोघं पाणीपुरी खायला गेले, तर भावजींनी पुरी हातात फोडली आणि तुकडे तुकडे करून खाल्ली. तिने विचारलं, असं काय खाता? ते म्हणाले, मला अशीच आवडते. तिने घरी येऊन मला सांगितलं, "ताई, त्यांचं तोंडच उघडत नाही. आत गालाला पांढरं पडलंय. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं."

त्या दिवसापासून तिने पाठ धरली. मावा सोडा, आणि तोंड डॉक्टरला दाखवा. भावजी हो म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. वल्लभनगरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं की यांना ओव्हरटाइम लागायचा. शेवटी तिने बॅग भरली. भांडण नाही, आदळआपट नाही. दारात उभं राहून म्हणाली, "दोन्ही गोष्टी झाल्या की फोन करा. एक झाली तर करू नका." आणि वडिलांकडे निघून गेली.

आता इथे कुणी शहाणा माणूस दवाखान्यात गेला असता. आमच्या भावजींनी मशीन आणलं.

इलेक्ट्रिक सिगरेट म्हणतात त्याला. कंपनीतल्या कुणीतरी दिली. विकायला सरकारची बंदी आहे म्हणे, पण मिळते. पेनाएवढी जाड नळी, खाली बटण, वर एक रस भरायची जागा. बटण दाबलं की वाफ येते, तिला स्ट्रॉबेरीचा वास. मावा मात्र खरंच सुटला. खिसे तपासले मी, उशी तपासली. पुडी नाही. आम्हाला बरं वाटलं. आमचे हे तर म्हणाले, "जाऊ दे, वास तरी फळाचा येतो." मी म्हटलं, फळाचा वास येणारं विष असतं, आणि गप्प बसले, कारण ज्याने मावा सोडला त्याला लगेच दुसरं काय बोलायचं.

पण त्या मशीनच्या पोटात ती डबी असते, कॉइल. आत तारेची बारीक स्प्रिंग, स्प्रिंगमधून ओवलेला कापूस. कापूस रस पितो, तार तापते, वाफ होते. थोड्या दिवसांत रसातली साखर तारेवर जळून काजळी धरते, कापूस करपतो, आणि मग ती फेकून नवी घालायची असते. नवी आणून देणारा माणूस नोकरी सोडून गावाला गेला. म्हणजे आता मशीनही गेलं, असं मला वाटलं. माझी चूकच झाली. मी कुणाबद्दल बोलतेय हे विसरले.

दर गुरुवारी कारखाना सुरू झाला. आधी त्या डब्या उकळायच्या. मग टूलरूममधून आणलेल्या स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायच्या, माझ्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणात. मग चिमट्याने आतला काळा कापूस ओढून काढायचा. तो टेबलावर मेलेल्या कोळ्यासारखा पडून राहायचा. मग रिकामी तार मशीनला लावून लालभडक होईपर्यंत जाळायची, आपण बिडाचा तवा जाळून काढतो तशी, परत पाण्यात घालायची, चुर्र. मग नवा कापूस ओवायचा. हे सगळं जिथे मी साबुदाणा भिजवते तिथे.

चिमटा खाली युसुफभाईंच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून यायचा. एकदा ते स्वतःच तो परत घ्यायला वर आले.

"ताई, मी सांगितलं याला," ते म्हणाले. "ही फेकायची वस्तू आहे. हा धुऊन वापरतो. उद्या फुटलेल्या अंड्याला वेल्डिंग करेल."

"तुम्ही चिमटा देऊ नका ना मग."

"नाही दिला तर बनवून घेईल कंपनीत. माझाच बरा. आणि ज्योतीभाऊ, तो मेडिकलचा कापूस वापरू नको. पांढरा करायला केमिकल मारतात त्याला. तेच ओढशील छातीत."

"म्हणून तर चव अशी येतेय," भावजी म्हणाले, एखादा शोध लागावा तसे.

मला तेव्हा समजायला हवं होतं की हा माणूस आता शुद्ध कापूस शोधणार.

हिंदुराव, म्हणजे निशिगंधाचे वडील, यांचा फोन आला. कंपनीतून रिटायर झालेत, मूळचे कराडकडचे. म्हणाले, "येत्या गुरुवारी पोरीला घेऊन येतो. काय ते समोरासमोर होऊ द्या. असं किती दिवस लटकत ठेवायचं?" फोन मी उचलला होता, पण मान शेजारी उभं राहून भावजींनी हलवली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "डॉक्टरचं काय सांगणार आहात?"

"नंबर लावलाय म्हणून सांगतो."

"लावलाय?"

"लावणार आहे ना."

गुरुवारी सकाळपासून त्यांची घालमेल सुरू होती. घर झाडलं, गॅलरीतले स्क्रू पोत्यात भरले, नवा शर्ट घातला. मी निवेदाचं बघत होते. पाहुणे अकराच्या सुमाराला आले. निशिगंधा वाळली होती. माझ्या पाया पडली, भावजींकडे बघून नुसती "बरे आहात?" म्हणाली आणि खुर्चीच्या कडेला बसली, उठायला सोपं जावं अशी.

हिंदुरावांनी चहाचा घोट घेतला. "काय जावईबापू, सुटली का?"

"सुटली. पुडी हातात धरलेली नाही. वहिनींना विचारा."

"मावा सुटलाय," मी म्हटलं. "बाकीचं त्यांनाच विचारा."

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी साक्ष फिरवली.

"आणि डॉक्टर?"

"नंबर लावलाय. फोन येणार आहे तिकडून."

निशिगंधा म्हणाली, "दवाखान्यातून फोन यायला लागले? ही नवीनच सोय."

"तसं नाही... यादी असते त्यांची."

"कोणत्या डॉक्टरांचा नंबर आहे?"

भावजी उठले. "नळाला पाणी आलंय का बघून येतो," म्हणाले आणि गॅलरीत गेले. आमच्याकडे पाणी पहाटेच येऊन जातं, हे निशिगंधालाही माहीत होतं.

थोड्या वेळाने खोकला सुरू झाला. साधा नाही. गळ्यात माशाचा काटा अडकावा तसा. आम्ही धावलो, तर हे कठड्याला धरून वाकलेले, डोळे लाल, तोंडातून लाळ गळतेय, आणि हातात ते मशीन. हिंदुरावांनी पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. मला मात्र वास आला. दूध उतू जाऊन करपलेलं, आणि त्यात कापूर. ऐन आरतीत कुणी गॅसवर दूध विसरावं तसा.

मी देवघराकडे गेले आणि वातींचा डबा उघडला.

आता हे सांगायला हवं. माझ्या माहेरी, औशाकडे, विहिरीजवळ देवकापसाचं झाड आहे. भावजय बोंडं पाठवते. दुपारी मी सरकी काढून वाती वळते. कापूस हातात नीट वळावा म्हणून दुधाचं बोट लावते, सगळ्याच बायका लावतात. दुधाला मुंग्या येऊ नयेत म्हणून डब्यात भीमसेनी कापराचे खडे टाकून ठेवते. तर त्या डब्यात वरच्या थरातल्या वाती विस्कटल्या होत्या आणि एक कात्रीने अर्धी कापलेली होती.

मी डबा घेऊनच गॅलरीत आले. "भावजी, यातली वात घेतलीत?"

"अर्धीच घेतली," ते खोकत म्हणाले. "उरलेली परत ठेवली."

"तसल्या हातांनी?"

"हात धुतले होते वहिनी. स्पिरिटने."

"दूध लावलंय तिला. कापरात ठेवलीय."

"मला काय माहीत? केमिकल नसलेला कापूस घरात तेवढाच. म्हटलं देवाला चालतो म्हणजे शुद्ध असणार."

"देव वात ओढत नाही, भावजी."

हिंदुरावांना हसू आवरेना. तोंडावर उपरणं धरून ते भिंतीकडे वळले. देवाचं मला काही वाटलं नाही, त्याला कळतं कोण कसा आहे ते. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कापूस शोधायला एवढी अक्कल, एवढी चिकाटी, आणि दवाखान्याचा रस्ता मात्र सापडत नाही.

निशिगंधा हसली नाही. तिने ते मशीन त्यांच्या हातातून घेतलं, उलटसुलट बघितलं. "हे कधीपासून?"

"तू गेलीस तेव्हापासून. मावा सोडायला म्हणून."

"बरं. आणि हे सोडायला काय आणणार?"

भावजी बाहीने तोंड पुसायला लागले.

"तोंड उघडा."

"अगं, सगळ्यांसमोर..."

"उघडा."

तिने आपली तीन बोटं एकमेकांवर उभी धरून त्यांच्या दातांमध्ये घालून बघितली. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन जातात, हे तिला कुठून तरी समजलं होतं. दोन गेली. तिसरं टेकलं आणि थांबलं.

"मागे तिसरं निम्मं जात होतं," ती म्हणाली.

"तुझी नखं वाढलीत," भावजी म्हणाले.

या वेळी कुणीच हसलं नाही. निशिगंधाने बोटं पदराला पुसली. हळू आवाजात म्हणाली, "बंद मशीन दिसलं की तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावता. मग हे तोंड दाखवायलाच का भिता?"

त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "मशीनचा पार्ट गेला तर मी दुसरा बनवतो. यात डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं, तर काय बनवू?"

एवढ्या महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला होता. माझा राग अर्धा तिथेच गेला. उरलेला अर्धा मी ठेवला, लागणार हे माहीत होतं.

निशिगंधा म्हणाली, "बनवायचं काही नाही. मला येऊन सांगायचं." मग वडिलांकडे वळली. "बाबा, मी आज राहते. उद्या यांच्याबरोबर दवाखान्यात जाईन. आले तर ठीक. नाही आले तर तिथूनच दापोडीला येते, मग परत हा विषय नको."

सकाळी अर्थातच फर्स्ट शिफ्ट निघाली. "अर्जंट जॉब आहे," भावजी बूट घालत म्हणाले. निशिगंधा पर्स घेऊन दाराबाहेर उभी होती. ती सरळ जिना उतरायला लागली. तिची पावलं खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत हे एका बुटावर बसून होते. मग दुसरा न बांधताच तिच्या मागे पळाले.

त्या दिवशी मी दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, उपास नसताना. संध्याकाळी दोघं आले. गालातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला होता. भावजींच्या तोंडात कापसाचा बोळा, चेहरा पडलेला. रिपोर्ट येईपर्यंत निशिगंधा इथेच राहिली. मशीन तिने दवाखान्यातच, व्यसन सोडवतात त्या खोलीतल्या बाईंसमोर टेबलावर ठेवलं होतं, आणि परत उचललं नव्हतं. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. भावजी चहाला नावं ठेवायचे, टीव्हीला नावं ठेवायचे, कुकरच्या शिट्टीवर डाफरायचे. युसुफभाई म्हणाले, "ताई, या मशीनचं तोंड बंद केलं की माणसाचं सुटतं."

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं: उशीर केलात. जेवढं आवळलंय ते पूर्ण सुटेलच असं नाही, आणि परत मावा काय, ती वाफ काय, कशालाही हात लावलात तर आज नाही ते उद्या निघेल. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. हिंदुराव त्याच संध्याकाळी निशिगंधाची बॅग घेऊन आले. भावजींच्या हातात दिली आणि चहासुद्धा न घेता गेले.

आता तोंड उघडण्यासाठी व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची जुडी दातांमध्ये धरून बसायचं, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. भावजी जुडी तोंडात घेऊन त्यातूनही सांगायला बघतात की काड्यांपेक्षा स्क्रूवाला जॅक बनवला तर कसं सोपं होईल. निशिगंधा मान वर न करता म्हणते, "काड्या तोंडात असताना बोलायचं नाही." तेवढा वेळ घरात शांतता असते. तो वेळ थोडा वाढवता येतो का, हे पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून यायला मी तिला सांगितलंय.