रंगाखालची अक्षरं

काल पणतूनं बाबांच्या जुन्या दाराला ऑइलपेंट मारला, आणि त्या वासासरशी मी नव्वदीची म्हातारी पूर्णा जंक्शनच्या यार्डात जाऊन पोचले.

निजामाची रेल्वे तेव्हा नुकतीच मोठ्या रेल्वेत विलीन झाली होती. मालगाडीच्या डब्यांवरची जुनी नावं घाईघाईनं लाल रंगाखाली गेली होती, आणि आता निजामाकडून आलेले डबे कुठले, ते वेगळे काढायचे होते. बाबा तिथं पेंटर. मी भाकरी घेऊन गेले, तर ते डोळे मिटून एका डब्यावरून तळहात फिरवत होते.

"इकडं ये, हात लाव."

पत्रा तव्यासारखा तापलेला. लाल रंगाखाली जाड अक्षरांच्या कडा बोटांना लागल्या.

"हे मी लिवलेलं हाय," बाबा हळूच म्हणाले. मग खडूनं फुली मारून ते पुढच्या डब्याकडं गेले. मला तो खेळच वाटला होता.

घरी आई नेहमी म्हणायची, "गाड्यांवर एवढं लिवता, आपल्या दारावर एकदा नाव लिवा की."

"लिवतो. दार कुठं पळून जायलंय?"

आज पणतूनं मारलेला रंग वाळल्यावर मी डोळे मिटून दारावरून तळहात फिरवला. वरपासून खालपर्यंत सगळं गुळगुळीत.