भैयाजींचा बिनाआरशाचा कॅमेरा

खाप्याच्या भैयाजींनी पस्तीस वर्षांत बाराशेच्या वर लग्नांचे फोटो काढले, आणि त्यातल्या एकाही लग्नात अंतरपाट दूर होतानाचा क्षण त्यांनी स्वतः पाहिला नाही. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण यात रतीभर खोटं नाही. त्यांच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा होता. डोळा लावायच्या भिंगात चित्र यायचं ते त्या आरशावरून. बटण दाबलं की आरसा खटकन वर उडे आणि तेवढ्यापुरता भिंगात काळोख. डावा डोळा मिटायची सवय तर हाडीमाशी खिळलेली. म्हणजे जो क्षण टिपला, तोच नेमका हुकला. तो पाहायचा नंतर, बाकीच्यांसारखा, फोटोत.

भैयाजींना याचं दुःख नव्हतं. उलट तेच त्यांचं शास्त्र होऊन बसलं होतं. पुतणी उन्नती त्यांच्या बेसा गावातल्या स्टुडिओत कामाला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, "डोळ्यापुढं अंधार झाला, की समज फोटो आला."

दुःख झालं ते एकुलत्या एका लेकीचं, करिष्माचं, लग्न ठरल्यावर. तिचे फोटो परक्याच्या हाती द्यायचे म्हणजे जिवावर आलेलं. आणि स्वतः काढायचे, तर पोरीचा त्या घडीचा चेहरा आपल्याला दिसणार नाही. आठ दिवस माणूस धड जेवला नाही.

शेवटी उन्नतीनंच विषय काढला. "काका, माझा बिनाआरशाचा कॅमेरा घ्या न. याच्यात अंधार होतच नाही. पुढं सारे असेच राहतीन. आरशावाल्यासाठी नव्या लेन्सा येणंही बंद होऊन राहिलं."

"त्याच्यात खरं कुठं दिसते वं? डोळा लावायच्या जागी पिटुकला टीव्हीच तं आहे. पोरीचं लग्न टीव्हीत पाहू काय मी?"

"मंग अंधारात पाहा," उन्नती फणकारली.

वार वर्मी लागला. भैयाजींनी एकच अट घातली, लेन्स आपली जुनी पन्नास मिलिमीटरचीच हवी. उन्नतीनं कुठून तरी जोडकडी आणली आणि रिळाच्या जमान्यातली ती लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बरणीच्या झाकणासारखी फिरून बसली. तिनं बटण दाबून चित्र मोठं केलं आणि भैयाजींनी डोळा लावला. स्टुडिओच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टेबलक्लॉथची वीण दिसत होती, धागान् धागा.

"हे सारं या लेन्सले दिसत होतं," ते पुटपुटले, "आन् मलेच नव्हतं दिसत."

मुहूर्त दुपारचा. भैयाजी जावयाच्या मागे स्टुलावर चढले. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री कडाडली, अंतरपाट खाली आला. त्यांनी बटण दाबलं. खटका नाही. अंधारही नाही. पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं, तरी काही नाही! पोटच्या पोरीच्याच लग्नात कॅमेऱ्यानं दगा दिला. आता ओरडावं, उन्नतीला हाक मारावी, पण डोळा हलेना, कारण समोर करिष्मा होती. आधी जमिनीकडे पाहत होती. मग हळूच मान वर झाली. हसायला गेलेले ओठ मध्येच थरथरले. एक अक्षत पापणीवर येऊन अडकली, तिनं डोळे मिचकावले आणि मग खुदकन हसलीच. त्यातलं काही गळलं नाही, काही विझलं नाही. हे असं असतं? आपल्या नाकासमोर हे बाराशे वेळा घडलं? भैयाजी थक्क होऊन नुसते पाहत होते.

खाली उतरले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "उन्नती, गेला वं फोटो. अंधारच झाला नाही."

"काका, आवाज मीच बंद केला होता!" तिनं हसत कॅमेऱ्याच्या मागचा पडदा उजळला. ब्याऐंशी फोटो होते, एकामागोमाग एक. बोहल्यावरून करिष्माही वाकून पाहू लागली, जावई वाकले, व्याही पुढे सरसावले. उन्नतीनं कॅमेरा भैयाजींसमोर धरला.

त्यांनी तो हातानंच बाजूला केला.

"तुम्ही पाहा," ते म्हणाले. "मी तं पाहिलं."