गिअर आत्ता कुठं आहे?

"मॅडम, एका शब्दासाठी दोन तास?" पुण्याहून आमच्या एजन्सीचे सर फोनवर ओरडत होते. मी राजारामपुरीत, घरच्या टेबलाशी, डोकं धरून बसले होते.

मी स्पॅनिशमधून फ्रेंचमध्ये अनुवाद करते. फ्रान्समधल्या एका बाईंचा जॅमचा छोटा कारखाना. फळांचा गर काढायच्या मशीनचा गिअर तुटला होता आणि तो मेक्सिकोतलं एक वर्कशॉप बनवून देणार होतं. बाईंचे जर्दाळू दहा-बारा दिवसांत पिकणार. गिअर वेळेत येणार असेल तर थांबायचं, नाहीतर भाड्यानं मशीन आणायचं. तसं मशीनही गावात एकच शिल्लक, आणि मालकाला त्याच दिवशी होकार हवा होता. बाईंनी वर्कशॉपला विचारलं, "कधी पाठवताय?" उत्तर आलं, "आओरिता."

शब्दशः बघितलं तर 'आत्ताच'. पण मेक्सिकोत तो पाच मिनिटांपासून पुढच्या महिन्यापर्यंत कितीही ताणता येतो, आणि म्हणणारा काही खोटं बोलत नसतो. आपलं "होतंय की!" तसंच. फ्रेंचमध्ये 'लगेच' लिहिलं तर बाई थांबणार. 'सवडीनं' लिहिलं तर वर्कशॉपची अब्रू मी घालवणार. काय करावं सुचेना.

तेवढ्यात कसबा बावड्याचा माझा मामा आठवला. त्याचं गुऱ्हाळ होतं. ऊस तोडून पडलाय, चरक बंद, आणि फिटर म्हणतोय, "होतंय की मालक!" मामा त्याला 'कधी' असं चुकूनही विचारायचा नाही. मला म्हणायचा, "कधी म्हटलं की माणूस आपल्याला बरं वाटंल ते सांगतोय बघ. वस्तू आत्ता कुठं हाय, ते इचारायचं. लेथवर हाय, का अजून भंगारात?"

मी सरांना म्हटलं, "वर्कशॉपला एक प्रश्न विचारू का?"

"आपलं काम अनुवादाचं. चौकश्या कसल्या करताय?"

"सर, बाईंची फळं सडली तर जाब कुणाला विचारतील?"

"विचारा. पण पटकन."

मी विचारलं, "गिअर आत्ता कुठं आहे?" अर्ध्या तासात मोकळ्या मनानं उत्तर आलं, "त्याचं लोखंड अजून यायचंय. आओरिता येईल."

मग फ्रेंच सोपं झालं. 'लवकर द्यायची इच्छा आहे, पण लोखंड अजून आलेलं नाही.' बाईंनी लगेच मशीन भाड्यानं घेतलं. सगळी फळं वाचली. गिअर पोचला तेव्हा झाडांवर नुसती पानं होती.

बाईंचं आभाराचं पत्र घेऊन मी बावड्याला गेले. घरात डिक्शनऱ्यांनी कपाट भरलंय, पण त्या दिवशी माझी लाज राखली ती मामानं. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. डोळे भरून आले माझे. मामा म्हणाला, "एवढंच व्हय? चहा घे."

"मामा, बाई तुझ्यासाठी जॅमची बरणी पाठवणार आहेत."

मामानं बशीतला चहा फुंकला.

"बरं. बरणी आत्ता कुठं हाय?"