कंपाउंडरनं दिलेलं इंजेक्शन

फलटणच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला फसवलं. माझी लव्हबर्ड नराशिवायच अंडी घालून घालून खंगली होती. डॉक्टर म्हणाले, "हार्मोनच्या इंजेक्शननं अंडी थांबतील, पण ती दगावूही शकते. तुम्ही ठरवा." मी "द्या" म्हणालो.

कंपाउंडर म्हशीचं औषधसुद्धा आधी मुठीत धरून कोमट करायचा. तसंच केलं. "आवं, लय बारीक जीव हाय," म्हणत त्यानं टोचलं.

आठवड्यानं अंडं अडकून ती मेली. रिकामा पिंजरा मी त्याच्यासमोर आपटला, तेव्हा जनावरांशी बोलतो तसा तो हळूच म्हणाला, "मी नुसतं कॅल्शियम दिलं हुतं, मालक. हात धजला न्हाई."

माणूस दयाळू आहे, मान्य. पण पाखरू माझं होतं, ठरवलं मी होतं. ते बदलायचा अधिकार त्याला कुणी दिला? त्यानं सांगावं.